एकाच नारळाची ओटी

ये गं, अशी जवळ बस. फोनवर नको, वाचायलाच बस. फोनवर तू मला कधी पुरतं बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्ध्यात असतं तोवर तुझं 'हो मावशी, हो मावशी' सुरू होतं, मागं कुकरच्या शिट्ट्या होतात आणि शेवटी 'नंतर करते' म्हणून ठेवून देतीस. ते नंतर काही येत नाही. म्हणून यावेळी लिहून काढलं. शाळेत मी गेले नाही, लेकरांच्या पुस्तकांत डोकावून शिकले, तेव्हा अक्षर जसं आहे तसं आहे. पण लागतं वाचायला.

तू पाठवलास तो फोटो बघितला, बरेच छोटे फोटो एकात जोडून केलेला. गारखेड्यातलं आमचं आधार केंद्र, सामूहिक डोहाळजेवण, फुलांचा झोपाळा, हिरव्या साड्या, हसऱ्या बायका. खाली तू लिहिलंयस की मावशी, तुमच्याकडं किती छान काम चाललंय, यंदा लेकाचा वाढदिवस मी ह्यांच्याकडंच करणार. शहाणी माझी. तो फोटो पुन्हा उघड, बोटांनी मोठा कर आणि बायकांच्या पदरात काय आहे ते बघ. आधीच्या बायकांच्या ओटीत नारळ आहे. शेवटच्या बायकांच्या ओटीत मोसंबं आहे. एवढी शिकलीस, पुण्याला मोठ्या कंपनीत बसतीस, आणि तुला एवढा प्रश्न पडला नाही की डोहाळजेवणात नारळाच्या जागी मोसंबं कुठून आलं?

मी तिथं होते. फोटोत दिसत नाही, कारण मला खुर्चीवरून उठवलं होतं. ती खुर्ची पाहुण्यांच्या ड्रायव्हरला लागत होती.

आता पहिल्यापासून सांगते. आमच्या कॉलनीच्या मैदानाच्या कडेला ते सभागृह आहे ना, लग्नाला लहान पडतं आणि दहाव्याला मोठं, म्हणून वर्षभर कुलपात असायचं, ते. एका निवृत्त साहेबांच्या बाईंनी ते उघडलं. साहेब निवृत्त झाल्यावर घरात हुकूम ऐकायला कुणी उरलं नसावं. त्यांनी दारावर फलक लावला. शहरात नव्यानं आलेल्या आणि गरजू कुटुंबांसाठी आधार केंद्र, हे तुमचंच माहेर समजा, असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली बाईंचा हात जोडलेला फोटो. माहेरच्या दारावर कुणी आपला फोटो लावतं व्हय? तर त्या झाल्या अध्यक्षा. त्यांच्या भिशीतल्या एक बाई झाल्या सचिव. बाकीच्या भिशीला नुसतंच सदस्य केलं, त्यावरून त्यांतल्या दोघी अजून सचिवबाईंशी बोलत नाहीत.

गरजू लोक आमच्याकडं काही कमी नाहीत. वाळूजच्या कारखान्यांत, बांधकामांवर, कुणी जालन्याकडून येतं, कुणी कन्नडच्या डोंगरातून, कुणी पार बिहारातून. नवीन माणसाला काय लागतं? पाणी कधी येतं, दवाखाना कोणता बरा, रेशनचं काय करायचं, लेकराला शाळेत कोण घेईल, आजारपणात कुणाला हाक मारायची. केंद्रानं काय केलं? पहिल्याच उन्हाळ्यात स्वेटर वाटले. मे महिन्यात. कुणाचं तरी दुकान बंद झालं होतं, माल पडून होता. बायका घाम पुसत स्वेटर छातीशी धरून उभ्या, फोटो निघाला. मग एकदा हात कसे धुवावेत याचा वर्ग घेतला. त्या आठवड्यात नळाला थेंब आलेला नव्हता. बायका कोरडे हात एकमेकांवर चोळत बसल्या, त्याचाही फोटो निघाला. मी जायची. घरी बसून तरी काय करायचं, आणि चहा बरा असतो त्यांचा, उगाच खोटं कशाला बोलू.

मी स्वतः या शहरात नवीन आले तेव्हाचं सांगते, मग पुढं जाते. लासूर स्टेशनकडून ट्रंक आणि एक घागर घेऊन उतरले होते. इथं तेव्हा अर्धी शेतंच होती. खोलीत चूल मांडायलाही वीट नव्हती. शेजारची बाई दारात आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "नवी दिसतीस. भाकरी खाल्लीस का?" नाही म्हटलं तर घरात गेली, दोन भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास आणून ठेवलं. म्हणाली, "सकाळी माझ्यासंगं पाण्याला चल, एकटी गेलीस तर तिथल्या बाया हंडा फेकून देतील." पुढं त्या बाईशी मी आयुष्यभर भांडले. रॉकेलवरून, कोंबड्यांवरून, तिच्या सुनेवरून. देवमाणूस वगैरे काही नव्हती ती. पण पहिल्या दिवशी भाकरी आणली. ती आणताना तिला फोटो काढावा वाटला नाही. असता कॅमेरा तरी तिनं तो माझ्याकडं कशाला वळवला असता, आधी स्वतःच्या नव्या नथीकडं वळवला असता.

तर आमच्या घरामागं जो रिकामा प्लॉट आहे, तिथं दिवाळीच्या सुमारास एक जोडपं राहायला आलं. पत्र्याची खोली. नवरा शेजारच्या नव्या इमारतीवर वॉचमन. फर्दापूरच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, घरची मेंढरं. याच्या वाट्याची मेंढरं रोगात गेली म्हणून हा इकडं आला. त्याला आई नाही, बहीण नाही. तिचे आईबाप आणि भाऊ मेंढरं घेऊन फिरतीवर, आज या शिवारात तर उद्या त्या. फोन लागला तर लागला, एरवी तो बॅटरीविना कुठल्यातरी घोड्याच्या पाठीवरच्या बोचक्यात.

ती पहिल्यांदा आली तेव्हा कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, हितं चुलीला काटक्या कुठं घावत्यात?" पोट चांगलंच दिसत होतं. मी म्हटलं, काटक्या राहू दे, आधी आत येऊन बस. तशी रोज यायला लागली. बोलायची कमी. पण एकदा शेंगा सोलता सोलता मनातलं बोलली.

"मावशी, दवाखान्याचं मला भ्याव नाय. तिथं डॉक्टर हायेत. घरी आल्यावर कोण? आमच्यात मेंढी व्याली तरी चार माणसं धावत्यात. कुणी कोकरू पुसतं, कुणी शेक लावतं. हितं माझ्यापाशी कोण हाय?"

तो सगळा प्रश्न होता बघ. पहिलटकरीण, बाळाला हातात कसं धरायचं ते ठाऊक नाही, आई मेंढरामागं. नवऱ्याला सुट्टी नाही. मी होते, पण माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. पाय लांब करून, त्यावर बाळ घेऊन न्हाऊ घालायचं म्हटलं तर मला बसवायला एक माणूस लागेल आणि उठवायला दोन.

तेव्हा मला केंद्राचा फलक आठवला. त्यावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की माहेर लांब असलेल्या बाळंतिणीला सव्वा महिना घरी येऊन न्हाऊ-माखू घालणारी, शेक देणारी बाई मिळेल. मला वाटलं, चला, स्वेटरवाल्यांनी एक तरी शहाणपणाची गोष्ट लिहिली. तिला घेऊन गेले.

सचिवबाई टेबलामागं बसल्या होत्या. तिच्याकडं न बघता मलाच विचारलं, "कितवा?"

"तिलाच विचारा की, तोंड आहे तिला."

"सातवा सरत आलाय," ती म्हणाली. "सासू नाय, ह्यास्नी बहीण नाय, माय फिरतीवर."

"मग अगदी वेळेत आलात. पुढच्या आठवड्यात सामूहिक डोहाळजेवण आहे. त्याला यायचं. बाई नंतर मिळेल."

मी म्हटलं, "डोहाळजेवण नको असलं तर? तिला बाईच पाहिजे."

"असं नसतं हो, आजी. आम्हाला सहभाग लागतो. कार्यक्रमाला येणाऱ्यांनाच पुढची सेवा."

पोरीनं विचारलं, "येताना काय आणू?"

"काही नको. फक्त छान हसायचं."

घरी येताना ती वाटेत थांबली. मग म्हणाली, "मावशी, आमच्यात पहिली ओटी माहेरची असती. माय येईल तवा येईल, तिच्याआधी दुसऱ्याची चालती का?" मी म्हटलं, ते लोक स्वतःला माहेरच म्हणवतात, फलकावर लिहिलंय. तिनं विचार केला. म्हणाली, "मग चालंल. तसं लिव्हलं आसंल तर चालंल." इतकं मनावर घेतलं तिनं. तो फलक लिहिणाऱ्यांनी घेतला नसेल एवढं.

कार्यक्रमाला आम्ही दहाला गेलो, तसं सांगितलं होतं. पाहुणे आले जेवणवेळ टळल्यावर. डोहाळजेवण ना ते? दिवस गेलेल्या बायका तोवर उपाशी, कारण पाहुण्यांच्या आधी ताटं लावायची नाहीत. झोपाळा मात्र सुंदर सजवला होता. थर्माकोलचा चंद्र, फुलांचं धनुष्य. हिरव्या साड्या होत्या, पण ज्या आधी येतील त्यांनी नेसायच्या, फोटो झाला की सोडायच्या आणि मागच्या बायकांना द्यायच्या. पडद्यामागं नुसती ओढाओढ. एक बाई म्हणाली, "अहो, घामानं भिजली आहे ही." सदस्यबाई म्हणाल्या, "फोटोत कळत नाही."

मग ओटी. स्टेजवर एक ताट, त्यात तांदूळ, खण, हळकुंड आणि एक नारळ. मला वाटलं बाकीचे नारळ खाली पोत्यात असतील. अध्यक्षाबाईंनी पहिलीची ओटी भरली, फोटो निघाला, आणि सचिवबाईंनी पुढं होऊन तिच्या पदरातून नारळ काढून घेतला. खण काढून घेतला. तांदूळही ताटात झटकून घेतले. मग दुसरी बसली. तोच नारळ, तेच तांदूळ. तिचीही भरली, तिचीही काढली.

मी माझ्या शेजारच्या बाईकडं बघितलं, ती माझ्याकडं. अगं, ओटी भरून काढून घेतात का कधी? आपल्यात दारात आलेल्या परक्या बाईच्या पदरात मूठभर गहू पडले तर ते तिचे झाले. या बायका काही परदेशातून आलेल्या नव्हत्या. यांच्या स्वतःच्या ओट्या भरलेल्या आहेत, यांच्या सुनांच्या भरलेल्या आहेत. त्यांच्या सुनेच्या पदरातला नारळ कुणी असा ओढला असता तर त्यांनी तिथंच रान उठवलं असतं. पण गरिबाची ओटी म्हणजे त्यांना ओटी वाटलीच नाही, नाटकातलं सामान वाटलं.

सचिवबाई माइकवरून सांगतही होत्या. म्हणाल्या, "भगिनींनो, नारळावर खर्च करण्यापेक्षा आम्ही प्रत्येकीला प्रोटीन पावडरचं पाकीट देणार आहोत. प्रथा जपायची, पण विज्ञान सोडायचं नाही." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विज्ञानाचा एवढा पुळका होता तर उपाशीपोटी बसवलेल्या बायकांना आधी जेवू घालायचं होतं.

आमच्या पोरीचा नंबर मध्यावर आला. झोपाळ्यावर बसली, हसली नाही, फोटोवाल्यानं दोनदा सांगितलं तरी हसली नाही. अध्यक्षाबाईंनी ओटी भरली. तिनं डोळे मिटून पदर कपाळाला लावला. आणि सचिवबाईंचा हात पुढं आला तशी तिनं पदराची गाठ मारली.

"सोडा, पुढची थांबली आहे," सचिवबाई हळूच म्हणाल्या. माइक चालू होता, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"भरलेली ओटी हाय, बाई."

"माहीत आहे. फोटोपुरती आहे ती. नारळ द्या."

"पोटात लेकरू हाय माझ्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रिकामी करून नका पाठवू."

आणि उठली. हिरवी साडी नेसलेली, पदरात नारळ बांधलेला, तशी स्टेजच्या पायऱ्या उतरून, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "चला मावशी." मी पण चालायला लागले. जेवण राहिलं, चहा राहिला. दारातून मागं वळून बघितलं तर पुढची बाई झोपाळ्यावर मोकळा पदर पसरून बसलेली आणि ताटात नारळ नाही. सचिवबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि पाहुण्यांना द्यायच्या फळांच्या टोपलीतून एक मोसंबं उचललं. तिथून पुढच्या सगळ्यांची ओटी त्या एका मोसंब्यानं भरली. माझ्या शेजारची बाई शेवटपर्यंत थांबली होती, तिनं नंतर सांगितलं की कार्यक्रम संपल्यावर ते मोसंबं पुसून परत टोपलीत ठेवलं आणि टोपली पाहुण्यांना दिली. पाहुण्यांनी ते खाल्लं असेल. पचो त्यांना.

हाच तुझा तो छान फोटो.

दुसऱ्या दिवशी सचिवबाई माझ्या दारात. बाहेरच उभ्या राहिल्या, आत बोलावलं तरी आल्या नाहीत.

"ती बाई तुमच्याकडेच राहते ना?"

"मागं राहते. पत्र्याच्या खोलीत. तुमची साडी धुऊन, घडी करून ठेवलीय, घेऊन जा."

"आणि नारळ?"

"नारळ कशाला हवा?"

"पुढच्या महिन्यात दुसरीकडे कार्यक्रम आहे."

"तोच नारळ नेणार होता?"

"नारळाचा प्रश्न नाही, आजी. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तिनं गूळ घालून खाल्लं," मी म्हटलं. "मलाही वाटीभर दिलं. गोड होतं."

सचिवबाई हसल्या नाहीत. साडीची घडी उलटून डाग बघितले आणि म्हणाल्या, "ज्यांना शिस्त पाळता येत नाही त्यांना आम्ही बाई देऊ शकत नाही. इतरांवर चुकीचा परिणाम होतो."

हे ऐकल्यावर तिचा नवरा हादरला. साधा माणूस. बायकोला म्हणाला, "नारळच तर होता. द्यायचा हुता की." ती म्हणाली, "दिला असता, ओटीत घालायच्या आधी मागितला असता तर." तरी तो गप गेला केंद्रावर माफी मागायला. त्यांनी त्याला दोन तास उभा ठेवला, मग सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या उचलून दुसऱ्या भिंतीला लावायला सांगितल्या. त्यानं लावल्या. मग अध्यक्षाबाई म्हणाल्या, "बघू." हा आनंदानं परत आला. "मावशी, बघू म्हणाल्यात." त्याला कोण सांगणार, मोठ्या लोकांच्या 'बघू'चा अर्थ. मी सांगितलं नाही.

माघ संपताना ती बाळंत झाली. सरकारी दवाखान्यात, दिवसाउजेडी, सुखरूप. मुलगी. दवाखान्यातल्या लोकांनी नीट केलं सगळं, कुणी फोटो मागितला नाही. रिक्षानं घरी आणलं. आणि केंद्राची बाई आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पोरगी खाटेवर बसून दाराकडं बघायची. तिच्या आईला फोन लावून लावून नवऱ्याचं बोट दुखलं. मी पाणी तापवायची, ती बाळाला ओल्या फडक्यानं भीतभीत पुसायची, जणू काचेचं आहे. दूध ओढत नव्हतं बाळ नीट, रडून रडून आवाज बसला त्याचा. ती म्हणाली, "मावशी, म्या नारळ दिला असता तर बाई आली असती का वं?" त्यावर मला इतका राग आला. तिचा नाही. दोन गल्ल्यांपलीकडं थर्माकोलचा चंद्र कुलपात ठेवून घरी झोपणाऱ्यांचा.

मग मी समोरच्या गल्लीतल्या आपाला हाक मारली. तू तिला ओळखतीस, लहानपणी तुझ्या हातावर मेंदी काढायची ती. आता केस पांढरे झाले, तोंड तेवढंच चालतं. दारात उभी राहून खोलीत नजर फिरवली आणि मलाच झापलं.

"इत्ते दिन से बच्ची रोरी और मेरेकू आज बोलरे? कायकू? मेरे पास नारियल नै इसलिए?"

साऱ्या गल्लीत नारळाची गोष्ट झालेली होती.

तिनं पाट मागितला, पाय लांब केले, बाळ मांडीवर घेतलं. घंगाळ्यात बोट बुडवलं आणि माझ्यावर ओरडली, "ये पानी है के चाय? थंडा मिलाओ." मी तिळाचं तेल आणलं होतं, तिला खोबरेल हवं होतं. त्यावरून आमचं भांडण झालं. ती म्हणाली तिची आठ लेकरं खोबरेलावर वाढली, मी म्हटलं म्हणूनच सगळी चिडकी आहेत. खाटेवरची पोरगी पहिल्यांदा हसली. शेवटी खोबरेल आणलं. न्हाऊ झालं, आपानं बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून आईच्या कुशीत दिलं, नीट धरायला शिकवलं, आणि बाळ प्यायला लागलं. मग ते झोपलं ते दुपार टळेपर्यंत.

तेव्हापासून रोज आपा येते. मी पाणी तापवते आणि शिव्या खाते. कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईनं जुन्या साड्यांची झबली शिवली. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई रोज येतात, बाळाकडं बघून सल्ला देतात आणि काही न करता जातात, त्यांचंही चालतंय. बाजरीची भाकरी, शेपू, डिंकाचे लाडू, जिला जे होतं ते ती आणते. कुणी कुणाला सहभाग मागितला नाही. त्या पोरीला तर आता दोन वेळा आंघोळ नको म्हणून आपाशी भांडायची ताकद आली आहे.

एवढं सगळं रुळावर आल्यावर, गेल्या आठवड्यात, अध्यक्षाबाई आल्या. गाडीतून. सोबत सचिवबाई, फोटोवाला आणि प्रोटीन पावडरचं पाकीट. पत्र्याच्या दारातून वाकून आत आल्या, नाकाला रुमाल लावून. बाळंतिणीच्या खोलीत धुरीचा वास असतोच, त्याला नाक झाकायचं काय कारण. आपा तेव्हा बाळाला तेल लावत होती, तिनं मान वर केली नाही.

"झालं गेलं विसरून जाऊ," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "आपण मोठं मन करायचं ठरवलंय. पुढच्या महिन्यात सामूहिक नामकरण सोहळा आहे. तुमची मुलगी त्यात घेतोय."

पोरीनं विचारलं, "नाव कोण ठिवणार?"

"आमचे पाहुणे. तेच ते, डोहाळजेवणाला आलेले. त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ कार्यक्रम आहे, त्यामुळे नावही मातोश्रींचंच."

मी विचारलं, "सगळ्या मुलींना?"

"हो. सामूहिक आहे ना."

आधी एक नारळ सगळ्यांच्या ओटीत, आता एक नाव सगळ्यांच्या कानात. तेही कार्यक्रम संपल्यावर परत मागून घेणार असतील. आपाला मराठी पुरतं कळतं. ती तेल लावता लावता म्हणाली, "अच्छा है. एक को पुकारो तो सब आयेंगे."

सचिवबाईंनी मग मुद्द्याचं सांगितलं. "कार्यक्रमाला यायचं कबूल केलंत तर राहिलेले दिवस बाई पाठवू. आणि नाही आलात तर मात्र यापुढे केंद्राकडून काही अपेक्षा ठेवू नका."

नवरा दारात उभा होता. त्यानं बायकोकडं बघितलं. खुर्च्या उचललेला माणूस तो, त्याला अजून 'बघू'ची आशा होती, दिसत होतं तोंडावर. ती बाळाकडं बघत म्हणाली, "बाई, लेकीला नाव आत्यानं ठिवायचं असतं. माझ्या लेकीला आत्या हाय."

"कुठे आहे?" सचिवबाई म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणाला होतात, याला बहीण नाही."

पोरीनं माझ्याकडं बघितलं.

"पुण्याला आहे," मी म्हटलं. "कंपनीत असते. येणार आहे."

हो, मी तुझ्याबद्दलच बोलले. विचारलं नाही, कारण विचारायला फोन केला असता तर तू 'नंतर करते' म्हणाली असतीस. त्या दोघी गेल्या, पाकीट ठेवून गेल्या. शिवणवालीनं त्या रिकाम्या पाकिटात सुया ठेवल्यात. मग नवऱ्यानं हळूच विचारलं, "मावशी, पुण्याची कोण?" मी म्हटलं, माझ्या बहिणीची लेक. ती मला मावशी म्हणते, तू मला मावशी म्हणतोस. मग ती तुझी कोण झाली? त्यानं बोटांवर हिशेब लावला आणि म्हणाला, "बहीण झाली की." आणि इतका खुलला, की संध्याकाळी पाळण्याला दोरी घेऊन आला.

तेव्हा तुझ्या त्या केंद्राला लेकाच्या वाढदिवसाची देणगी वगैरे काही देऊ नकोस. त्यालाच घेऊन ये, पाळण्याची दोरी ओढू दे. येताना तुझ्या आईच्या जुन्या सुती साड्या आण, मऊ झालेल्या, दुपट्यांना लागतात. आणि नारळ आण. एक बाळंतिणीला, एक मला, एक आपाला, आणि ज्या बायका त्या दिवशी मोकळा पदर घेऊन घरी गेल्या त्यांतल्या दोघी-तिघी आमच्याच गल्लीत राहतात, त्यांनाही बोलावणार आहे. त्यांचे तेव्हा दिवस कमी होते, बाळंतपण व्हायचंय अजून. कानात नाव सांगताना पाठीत धपाटे बसतील, आत्याला बसतातच, आणि आपाचा हात जड आहे, आधीच सांगून ठेवते.

लवकर ये मात्र. सुट्टी मिळत नाही हे मला सांगू नकोस. तुझ्यासाठी बारसं थांबवलंय, पोरगी बिननावाची पाळण्यात पडून आहे आणि आपा तिला रोज नव्या नावानं हाक मारते. काल तर बच्ची वळून बघायला लागली. उशीर केलास तर तिच्या तोंडचंच एखादं चिकटेल, आणि तू येऊन नुसते धपाटे खाऊन जाशील. तेव्हा या रविवारीच ये.